गर्दनवाले सर

डॉक्टरांनी सांगितलं, या आजारात काहींची मान 'नाही, नाही' अशी आडवी हलते आणि काहींची 'हो, हो' अशी उभी. कुणाची कशी हलेल याला काही कारण नसतं. सरांची उभी हलायला लागली. हे ऐकून मला वाईट वाटायच्या आधी राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. पण या शहरात ज्या एका माणसाच्या मानेला 'नाही' म्हणायचा हक्क होता, त्याच्या वाट्याला 'हो' यावं, हे मला अजून पटलेलं नाही.

मी त्यांचा कॅमेरामन होतो. बातमीच्या शेवटी 'कॅमेरामन अमुकसह मी तमुक' असं म्हणतात ना, त्यातला 'अमुकसह' म्हणजे मी. सगळे त्यांना सर म्हणत. पुढारी, फौजदार, चहावाला, सगळेच. ते कुठं शिकवायला वगैरे नव्हते. राजकारणाच्या बातम्या करायचे, एवढंच. पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की माणसाला आपला गृहपाठ राहिलाय असं वाटायचं, म्हणून ते नाव पडलं असावं.

राहायला टीव्ही सेंटरला. आमच्या शहरात त्या नावाची अख्खी वसाहत आहे. टीव्हीचा माणूस टीव्ही सेंटरला राहतो म्हटल्यावर मुंबईहून आलेल्या पत्रकारांना फार हसू यायचं. मी पहिल्यांदा त्यांचं घर शोधत गेलो तेव्हा चौकातल्या रिक्षावाल्याला नाव सांगितलं, त्याला कळेना. टीव्हीवर दिसतात ते, असं सांगितल्यावर म्हणाला, "अच्छा, वो गर्दनवाले सर? सीधा जाके लेफ्ट मारो ना."

गर्दनवाले, कारण ती हलत नसे. आपल्याकडं समोरचा बोलत असला की ऐकणारा 'हं, हं' करतो, 'व्हय, व्हय' करतो, मान डोलावतो. तो हुंकार मिळाला नाही तर बोलणाऱ्याचा जीव कासावीस होतो. सर हुंकार देत नसत. माईक पुढं धरलेला, डोळे समोरच्याच्या डोळ्यांत आणि मान ताठ. "हुंकार म्हणजे सही असते," ते म्हणायचे. "तो बोलतोय ते त्याचं आहे. त्याखाली मी कशाला सही करू?"

याला धंद्यातलंही एक कारण होतं. मुलाखत दाखवताना एखाद्याचं बोलणं मधून कापलं की तिथं चित्राला झटका बसतो. तो झटका झाकायला ऐकणाऱ्याचा चेहरा टाकतात. मुंबईच्या डेस्कवर त्याला इंग्रजी नाव आहे, आम्ही ठिगळ म्हणायचो. ठिगळ कुठलंही चालतं. तुम्ही दुसऱ्या मिनिटाला मान हलवलेली असते, ती विसाव्या मिनिटाच्या वाक्याखाली जाऊन बसते. सर म्हणायचे, "मान एकदा दिली की ती कुठं शिवायची ते शिंपी ठरवतो. त्यापेक्षा द्यायचीच नाही."

पुढाऱ्यांना वाटायचं त्यांना मणक्याचा त्रास आहे. एका आमदारानं पीएच्या हाती कसलंसं आयुर्वेदिक तेल पाठवलं. सरांनी बाटली परत केली आणि पीएला शांतपणे सांगितलं, "त्यांना म्हणावं, मान चांगली आहे म्हणूनच हलत नाही." पीए बिचारा जाताना तीन पायऱ्या चुकला.

बाकी खोडी म्हणाल तर पुष्कळ. पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेलं की सोफ्यावर बसत नसत. कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची स्वतः उचलून आणायचे. सोफ्यात माणूस खाली जातो आणि खाली गेलेल्याला प्रश्न विचारता येत नाही, असं त्यांचं शास्त्र. जिथं साऱ्या जिल्ह्यात कुणी भाऊ, कुणी दादा, कुणी साहेब, तिथं हे गृहस्थ प्रत्येकाला पूर्ण नाव घेऊन 'तुम्ही' म्हणायचे. शहराचं नाव बदललं तेव्हा आमच्या सगळ्यांच्या जिभा महिनोन्‌महिने अडखळत होत्या. कुणी जुनं म्हणून शिव्या खाल्ल्या, कुणी अधिसूचना यायच्या आधीच नवं म्हणून टाळ्या घेतल्या. सरांनी आदेश निघाला त्या दिवसापासून नवं नाव घेतलं, आदल्या दिवशी नाही आणि नंतर एकदाही चुकले नाहीत. दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यावर नाराज झाले, तेव्हा मी त्यांना खुशीत पाहिलं होतं.

पण त्यांची खरी करामत म्हणजे थांबणं. प्रश्न विचारला, उत्तर आलं, की दुसरा कुणीही पुढच्या प्रश्नाला लागतो. सर माईक तसाच धरून ठेवायचे. एकदा एक मोठे पुढारी पक्ष सोडणार अशी बोंब होती. सरांनी विचारलं, तुम्ही पक्ष सोडताय का? ते म्हणाले, "अजिबात नाही. माझ्या रक्तात पक्ष आहे." सर गप्प. माईक तिथंच. मान ताठ. पुढाऱ्यानं घसा खाकरला. "म्हणजे सध्या तरी नाही." सर गप्प. "आता कार्यकर्त्यांची भावना तर विचारात घ्यावीच लागते ना." सर गप्प. मी कॅमेऱ्यामागं ओठ चावून उभा. पुढारी एकदा पीएकडं बघून, एकदा छताकडं बघून शेवटी म्हणाले, "गुरुवारी." ती बातमी आम्ही सगळ्यांच्या आधी दिली आणि त्यासाठी सरांनी एक शब्दही जास्तीचा खर्च केला नव्हता.

मला त्यांचा एक कायदा होता. गाडीतून उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेलाच पाहिजे. "माणसं मुलाखतीच्या आधी आणि नंतर खरी असतात," म्हणायचे. या कायद्यानं आम्हाला बऱ्याच बातम्या मिळवून दिल्या. आणि याच कायद्यानं त्यांचा घात केला.

त्याच्याआधी वहिनींबद्दल सांगायला हवं. वहिनी बिडकीनच्या पलीकडच्या एका गावच्या. बोलक्या बाई. सरांशी लग्न म्हणजे त्यांच्या दृष्टीनं जन्मठेपच होती. मी जेवायला गेलो की ताट वाढता वाढता त्यांची तक्रार सुरू व्हायची. "माझं आख्खं आयुष्य गेलं बगा या माणसापुढं बोलण्यात. एक डाव 'हं' म्हनत नाय. भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीवरची पाल तरी चुकचुकली असती." सर भाकरी मोडत ऐकत राहायचे. वहिनी म्हणायच्या, "ऐकताय का?" तर सर त्यांचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायचे. ऐकलेलं सगळं असायचं, फक्त सही नसायची. वहिनी कपाळाला हात लावायच्या आणि मग स्वतःच हसायच्या. त्या घरात मला फार बरं वाटायचं.

त्या उन्हाळ्यात वहिनींची भावजय गेली. गावाला टँकर येत होता तो बंद पडला होता. विहीर तळाला गेलेली. ती हंडा घेऊन पायऱ्यांनी आत उतरली आणि घसरून पडली. मागं दोन लेकरं. सर त्या घरचे जावई, मेहुण्याबरोबर तिला खांदा देऊन आले आणि दोन दिवसांनी डेस्कचा फोन आला, की त्या भागाच्या आमदारसाहेबांची मुलाखत ठरली आहे, पाण्यावर बोलायचंय. सरांनी सांगितलं, गेलेली बाई माझ्या घरातली आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. डेस्क म्हणालं, उलट सर, तुम्हीच विचारलंत तर वजन येईल.

आम्ही बंगल्यावर गेलो. त्या दिवशी दोन कॅमेरे होते. माझा साहेबांवर आणि दुसरा ट्रायपॉडवर लावून सरांवर सोडलेला. कायद्याप्रमाणे दोन्ही चालू. साहेब आत कुणाशी बोलत होते. तेवढ्यात पाणी द्यायला एक म्हातारी बाई आली. बंगल्यावर कामाला होती, मूळची त्याच बाजूच्या गावची. तिनं सरांना ओळखलं. ट्रे खाली ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "लेकरं कशी हायेत ओ?"

सरांनी खाली बघितलं आणि दोनदा सावकाश मान हलवली. ठीक आहेत, अशी. त्यांना बोलता आलं नसावं. मी इतक्या वर्षांत त्यांना कॅमेऱ्यासमोर मान हलवताना पाहिलं ते तेवढंच.

मग मुलाखत झाली. सरांनी विचारलं, "त्या गावात शेवटचा टँकर कधी आला होता?" साहेबांनी योजनांची नावं सांगितली. सर थांबले. साहेबांनी धरणाचा साठा सांगितला. सर थांबले. साहेब पाणी प्यायले, घड्याळ बघितलं आणि मग चिडून म्हणाले, "हे बघा, त्या बाईचा आणि पाण्याचा काही संबंध नाही. घरातलं भांडण होतं, तिनं उडी मारली. सगळ्या गावाला माहीत आहे."  सरांची मान हलली नाही, पापणीसुद्धा नाही. त्यांनी परत तेच विचारलं, त्याच आवाजात. "शेवटचा टँकर कधी आला होता?" साहेबांनी कॉलरचा माईक काढून टेबलावर टाकला आणि उठून गेले.

संध्याकाळी चॅनेलवर जे दाखवलं ते असं. साहेब म्हणतात, बाईचा आणि पाण्याचा संबंध नाही, घरातलं भांडण होतं, तिनं उडी मारली. पुढं सर दिसतात. खाली बघून, गंभीरपणे, दोनदा मान हलवताना. आणि साहेब धरणाबद्दल बोलायला लागतात.

टँकरचा प्रश्न कापला होता. जिथं कापला तिथं ठिगळ लावलं होतं.

सरांनी डेस्कला फोन केला तेव्हा मी शेजारी होतो. पलीकडचा आवाज म्हणाला, "सर, वेळ कमी होता हो. सांधा दिसत होता. तुमचा तेवढाच एक शॉट वापरता येण्यासारखा होता, बाकी सगळीकडं तुम्ही पुतळ्यासारखे." ते मुद्दाम केलेलं होतं की घाईत झालेलं, मला आजही माहीत नाही. सर म्हणाले घाईच असेल. मुद्दाम असतं तर मला निदान शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. घाईला काय शिव्या देणार? आम्ही सगळेच घाईत होतो.

दोन दिवसांनी सर आणि मी लॅपटॉप घेऊन वहिनींच्या माहेरी गेलो. मेहुणा ओट्यावर बसला होता. उठला नाही. एरवी दाजी आले म्हटल्यावर गल्लीच्या तोंडापर्यंत पळत येणारा माणूस.

"तुमी मान हलवली दाजी," तो म्हणाला. एवढंच.

सरांनी लॅपटॉप उघडला. मीच चालू करून दिलं. म्हातारी आली, तिनं विचारलं, लेकरं कशी हायेत, सरांनी मान हलवली. मग मुलाखत, टँकरचा प्रश्न, परत टँकरचा प्रश्न, टेबलावर टाकलेला माईक. मेहुण्यानं सगळं पाहिलं. दोन्ही लेकरं दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पाहून झाल्यावर त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, म्हणून मला वाटलं, चला, मिटलं.

"हे मी एकट्यानं बघून काय करू?" तो म्हणाला. "गावानं ते बघितलं. पाटलानं बघितलं. चौकशीला आल्यालं लोक मलाच म्हनले, तुमच्या पाव्हण्यानंच मान डोलावली, आता तुमी कामून नाय म्हनता. पोरांला शाळंत म्हनतेत, तुमची आई भांडून मेली. दाजी, तुमी हे गावाला दाखवा. जिथं ते दाखवलं तिथं दाखवा. माह्या घरात येऊन मला नका दाखवू."

सरांनी लॅपटॉप मिटला. मागणी बरोबर होती.

त्यांनी चॅनेलला विनंती केली, की पूर्ण तुकडा एकदा दाखवा. उत्तर आलं, आता बातमी जुनी झाली. त्यांनी परत लिहिलं, परत फोन केले. साहेबांवर आरोप करा असं ते म्हणतच नव्हते. माझी मान कुठल्या प्रश्नाला हलली, तेवढं दाखवा, म्हणत होते. शेवटी राजीनामा दिला आणि तो तुकडा स्वतःच यूट्यूबवर टाकला. चॅनेलनं चित्रण आमच्या मालकीचं म्हणून तो काढायला लावला. तोवर तो पाहिला कुणी, तर आमच्यासारख्या ओळखीच्यांनी. ठिगळ लावलेला तुकडा मात्र साहेबांच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव मोबाइलवर फिरवला होता. तो अजूनही कुठल्या कुठल्या ग्रुपवर येतो.

मेहुणा परत कधी टीव्ही सेंटरला आला नाही. राखीला वहिनी एकट्याच बिडकीनच्या गाडीत बसून जायच्या आणि लवकर परत यायच्या. तिथं काय बोलणं झालं हे त्या सांगत नसत. बोलणं त्यांचं एकूणच कमी झालं होतं. सरांना तर दुसऱ्या चॅनेलनं घेतलं नाही. ते वय वगैरे सांगत होते. मला वाटतं, थांबणारा माणूस आता कुणालाच नको होता. माईक पुढं धरून गप्प उभं राहायला चॅनेलला वेळ कुठं आहे? मी मात्र दुसऱ्या चॅनेलला गेलो, कारण मला घर चालवायचं होतं आणि कॅमेऱ्याला कोण बोलतंय याच्याशी कर्तव्य नसतं.

मग मान हलायला लागली. आधी थोडी, लक्षात न येण्यासारखी. मग दिवसभर. त्याबरोबर आवाज गेला. गेला म्हणजे पूर्ण नाही, पण खोल विहिरीत गेल्यासारखा झाला. शब्द ओठावर यायलाच वेळ लागायचा. एक वाक्य पुरं व्हायला माणसाला समोर नुसतं बसून राहावं लागायचं. क्रांती चौकात चहाच्या टपरीवर आमच्यातलाच एक जण म्हणाला, "आयुष्यभर हलवली नाही, ती आता व्याजासकट हलवतेत." सगळे हसले. मी चहा तिथंच ठेवून निघालो. भांडायला पाहिजे होतं, पण माझ्याच्यानं झालं नाही.

मी आठवड्यातून एकदा तरी जायचो. टीव्ही चालू असायचा. पडद्यावर पुढारी बोलत असायचे आणि समोर सर 'हो, हो, हो' करत बसलेले. ते बघणं मला सहन होत नसे. त्यावर त्यांनी एक उपाय काढला होता. कुणी बोलायला लागलं की ते दोन्ही हात वर आणायचे, तळवे जोडून हनुवटीखाली लावायचे आणि कोपरं खुर्चीच्या हातांवर रोवून मान दाबून धरायचे. तेवढं केलं की थांबायची. मी माझ्या घरच्या साध्या गोष्टी सांगत असलो तरी ते तसंच करायचे. मी म्हणायचो, "सर, राहू द्या ना, मला चालतं." ते सोडायचे नाहीत. न सही करता ऐकायचं, हे त्यांच्या हातून सुटत नव्हतं.

गेल्या निवडणुकीच्या आधी पत्रकारांच्या ग्रुपवर निरोप आला. साहेब उद्या सकाळी ज्येष्ठ पत्रकारांच्या प्रकृतीची विचारपूस करायला त्यांच्या निवासस्थानी जाणार आहेत, सर्वांनी उपस्थित राहावे. मी ड्युटी मागून घेतली आणि तासभर आधीच सरांच्या घरी पोचलो. वहिनींना सांगितलं, तुम्ही नाही म्हणा, मी बाहेरच्या बाहेर परत पाठवतो.

"दारात आल्याला मानूस कसा परत लावू?" वहिनी म्हणाल्या. "त्यांला इचारा. त्यांची इच्छा."

मी सरांसमोर बसलो आणि सांगितलं. त्यांनी हनुवटी धरून ऐकलं. मग बराच वेळ ओठ हलत राहिले. मी थांबलो. हे थांबणं त्यांनीच शिकवलेलं.

"येऊ दे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "प्रश्न राहिलाय."

वहिनींनी त्यांची दाढी करून दिली. खिशात पेन असलेला जुना शर्ट घातला. सोफ्यावर बसवायला गेलो तर त्यांनी बोटानं प्लॅस्टिकची खुर्ची दाखवली. खरं सांगतो, मला उगाच आशा वाटली. वाटलं, कॅमेरे असतील, चार चॅनेलं असतील, आज एकदा तो प्रश्न सगळ्यांसमोर विचारला जाईल. नाही मिळालं उत्तर तरी विचारला जाईल. मेहुण्यानं जिथं दाखवा म्हटलं होतं, तिथं.

साहेब आले. बरोबर पंधरावीस माणसं, हार, शाल. खोली भरली. साहेबांनी शाल सरांच्या खांद्यावर घातली, खुर्ची ओढून समोर बसले. सरांनी हनुवटीकडं न्यायला हात वर उचलले आणि साहेबांनी ते दोन्ही हात प्रेमानं आपल्या हातांत घेतले.

सोडलेच नाहीत.

"कसे आहात सर?" साहेब म्हणाले. सरांची मान, हो, हो. "तुमच्या सासुरवाडीला आपण आता घरोघर नळ दिलेत. कळलं ना?" हो, हो. "लोक काहीही बोलले, तरी तुम्ही तेव्हाही खऱ्याच्या बाजूनं होता. हे मी कधी विसरलो नाही." हो, हो, हो. मला सरांचे डोळे दिसत होते. ते हात सोडवायला बघत होते. साहेबांना वाटलं असेल, कंप आहे, म्हणून त्यांनी आणखी घट्ट धरले. सरांचे ओठ हलायला लागले. मी कॅमेऱ्यामागून म्हणालो, "साहेब, हात सोडा त्यांचे. त्यांना बोलायचंय." पीए वळून म्हणाला, "भाऊ, शॉट होऊ द्या की." साहेब म्हणाले, "तुमचा आशीर्वाद असू द्या सर." मान हलली. कुणीतरी टाळी वाजवली. साहेब उठले, वहिनींना हात जोडले आणि खोली जशी भरली होती तशी रिकामी झाली.

खाली गाड्या सुरू झाल्या. सरांचे ओठ अजून हलतच होते. आता त्यांचे हात मोकळे होते. त्यांनी हनुवटी धरली, मान थांबली आणि उघड्या दाराकडं बघत त्यांनी एकेक शब्द बाहेर काढला.

"शेवटचा... टँकर... कधी... आला होता?"

दारात कुणी नव्हतं. वहिनी त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या होत्या. "हं," त्या म्हणाल्या.

माझा लाल दिवा चालूच होता. सरांचा कायदा मी मोडला नव्हता. मी ते सगळं आमच्या डेस्कला पाठवलं, वर फोन करून सांगितलं की तो प्रश्न घ्या, हात धरलेले आहेत ते दिसू द्या, नाहीतर मान हललेली दाखवू नका. ते म्हणाले, प्रश्नाचा आवाज फार बारीक आहे, वापरता येणार नाही. मला माझ्या धंद्याची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

संध्याकाळी परत सरांकडं गेलो. घरी बसवत नव्हतं. टीव्ही चालू होता. बंद करा म्हणालो तर सरांनी हात वर करून थांबवलं. त्यांना बघायचं होतं. बातमी लागली. साहेबांनी घेतली ज्येष्ठ पत्रकाराची भेट. पडद्यावर नुसता सरांचा चेहरा, अगदी जवळून. हात चौकटीच्या बाहेर कापलेले. साहेबांचा आवाज आणि सरांची मान. हो, हो, हो. आणि पडद्यासमोर सर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, खांद्यावर तीच शाल, दोन्ही तळव्यांनी हनुवटी दाबून धरून बसलेले. एवढी दाबलेली की बोटांची नखं पांढरी पडली होती.

वहिनींचा मोबाइल वाजला. भावाचा होता. लेकरांना काही झालं तरच तो फोन करायचा, म्हणून वहिनींनी घाईनं घेतला आणि चुकून स्पीकर लागला.

"ताई," पलीकडून आवाज आला, "बघितलं का आता? दाजींनी परत हलवली."

वहिनी ऐकत होत्या.

"पहिल्या डावाला म्हनलं, चुकून झालं आसंल. आता तर घरात घेतलं त्याला. शाल घेतली त्याची. पोरांनी बघितलं ताई. मी काय सांगू त्यांला?"

एरवी कुणी काही सांगितलं की वहिनींच्या तोंडातून 'हं गं', 'व्हय बाई', 'आस्सं' अखंड चालू असायचं. त्यांना ते न करता ऐकताच येत नसे. आज त्या सरांकडं बघत होत्या आणि ओठ मिटलेले होते.

"विकला गेला का नाय दाजी? तूच सांग. विकलाच गेला म्हनायचा ना?"

खोलीत टीव्हीचा आवाज आणि फोनचा आवाज. सर तसेच, हनुवटी धरून.

"ताई, हायेस का? ऐकतीस का? हं तर म्हन."

वहिनींनी फोन कानाजवळ धरून ठेवला. मान ताठ होती. त्या हं म्हणाल्या नाहीत.